सुविचार फळ्यावर, वर्तन फलाटावर

डोंबिवलीच्या फलाटावर पोरांची मारामारी झाली किंवा कुणी लोकलच्या दारात लटकून स्टंट केला, की गाडीत हमखास कानावर येतं, 'हल्ली शाळेत संस्कार शिकवतच नाहीत.' हे खरं नाही. श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, नीटनेटकेपणा, स्त्री-पुरुष समानता अशी दहा मूल्यं राज्याच्या मूल्यशिक्षणात ठरलेली आहेत. परिपाठाला सुविचार आणि बोधकथाही असतात.

मग बोधकथा वाढवल्या की पोरं सुधारतील, हा पुढचा समज. १९२० च्या दशकात हार्टशॉर्न आणि मे या अमेरिकी संशोधकांनी सुमारे ११ हजार मुलांना फसवणूक करता येईल अशा प्रसंगांत तपासलं. एका ठिकाणी प्रामाणिक राहिलेलं मूल दुसरीकडे बिनदिक्कत फसवत होतं. चांगलं काय हे ठाऊक असणं आणि तसं वागणं, यांचा संबंध फारच क्षीण निघाला. उलट, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २१३ शालेय उपक्रमांच्या एकत्रित अभ्यासात राग आवरणं, दुसऱ्याचं ऐकणं, भांडण सोडवणं ही कौशल्यं शिकवल्यावर वर्तन सुधारलं आणि अभ्यासही. अशा गोष्टी सरावानेच अंगवळणी पडतात, आणि परिपाठाच्या घाईत सराव कुठून होणार?

'छडी गेली म्हणून पोरं बिघडली' असंही म्हणतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले, हे योग्यच झालं. धाकाने आलेली शिस्त सरांची पाठ वळली की संपते.

सगळ्यात अन्यायाचा समज म्हणजे वस्तीतली, रस्त्यावरची पोरं वाया गेलेलीच. ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ पासून महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेची सिग्नल शाळा भरते. सिग्नलवर गजरे विकणारी मुलं तिथे येतात. आधी आंघोळ, मग स्वच्छ गणवेश, पोटात काहीतरी, त्यानंतर धडा. ज्याच्या घरी नळच नाही, त्याला नीटनेटकेपणावर भाषण देऊन काय उपयोग? त्याच शाळेतली मुलं पुढे दहावी झाली.

ठाण्यातच नाटककार रत्नाकर मतकरींच्या पुढाकाराने समता विचार प्रसारक संस्थेचा 'वंचितांचा रंगमंच' उभा राहिला. वस्तीतली मुलं तिथे स्वतःच्या जगण्यातले प्रश्न स्वतःच नाटिकेत मांडतात. संवेदनशीलतेचा याहून चांगला तास मला ठाऊक नाही.

पुढच्या पालकसभेत गुणांच्या जोडीने एवढं विचारा: आठवड्यातून एखादा तास मुलं बोलतात आणि शिक्षक ऐकतात, असं आपल्या शाळेत होतं का? आणि राग, भांडणं यांबद्दल मुलांशी बोलायला समुपदेशक कोणत्या दिवशी येतात?