दुखतो तो दांत नव्हे

सकाळीं तोंड धुतांना गालास पाण्याचा नुसता स्पर्श व्हावा आणि विजेचा झटका बसल्यासारखी कळ जबड्यांतून सर्रकन् निघून जावी. क्षणभरानें सर्व शांत, आणि पहिला घास चावतांच पुन्हां तीच कळ! असें दुखणें ज्यांच्या घरीं आहे त्यांना आम्ही कशाविषयीं लिहीत आहों हें लागलीच उमजेल. डॉक्टर यास ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया म्हणतात. तें बहुधा पन्नाशी उलटल्यावर, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांना अधिक होतें. गालावर ना सूज, ना लाली. दोन झटक्यांच्या मधल्या वेळांत मनुष्य धडधाकट दिसतो. मग सासूबाई जेवत नाहींत, बोलत नाहींत, वारा लागतांच पदरानें गाल झांकतात, याचा अर्थ घरांत रुसवा असा घेतला जातो. आमच्या मतें पहिला अन्याय येथेंच होतो.

दुसरा अन्याय दांतांवर. कळ जबड्यांत उठते म्हणून एक दाढ काढतात. ती थांबली नाहीं म्हणून शेजारची काढतात. वास्तविक दांताचें दुखणें सहसा ठसठसत राहतें. ही कळ मात्र कांहीं सेकंदांची, बहुधा एकाच बाजूची, आणि स्पर्शानें, बोलण्यानें किंवा दाढी करण्यानेंही उठणारी असते.

दोष असतो तो चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या पांचव्या मज्जातंतूंत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शस्त्रवैद्य तो तंतु किंवा त्याचें मूळच कापून टाकीत. कळ जाई, पण अर्धा चेहरा बधिर होई. डोळ्यांत गेलेला कणही कळत नसे, आणि बुबुळास जखम होई. १९३४ सालीं अमेरिकेंतील वॉल्टर डँडी यांनीं लिहिलें कीं, कान व मानेच्या बाजूनें कवटी उघडून पाहिलें असतां या तंतूच्या मुळावर पुष्कळदां एखादी रक्तवाहिनी टेकलेली आढळते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशीं ती तंतूवर आपटते व त्यावरील वेष्टन झिजतें; विजेच्या दोन तारांवरील रबर गेल्यावर जें होतें तेंच मग येथें होतें. १९६६ पासून पीटर जॅनेटा यांनीं सूक्ष्मदर्शकाच्या साह्यानें या निरीक्षणास शस्त्रक्रियेचें निश्चित रूप दिलें. कानामागें रुपयाएवढें छिद्र पाडावयाचें, ती रक्तवाहिनी हळूच बाजूस सारावयाची, आणि मधें टेफ्लॉनच्या तंतूंची बारीकशी गादी ठेवावयाची. तंतु कापावयाचाच नाहीं! केवढी साधी, आणि केवढी उशिरां सुचलेली गोष्ट!

पिट्सबर्ग येथील अशा ११८५ रुग्णांचा वृत्तांत १९९६ सालीं प्रसिद्ध झाला. दहा वर्षांनंतरही शेंकडा ७० जण औषधावांचून वेदनामुक्त होते. दोघे मात्र शस्त्रक्रियेनंतर लवकरच दगावले, आणि शेंकडा एकास त्या बाजूच्या कानानें ऐकूं येईनासें झालें. कवटी उघडणें हा खेळ नव्हे.

म्हणूनच आरंभ औषधानें. १९६२ पासून वापरांत असलेलें कार्बामाझेपिन बहुतेकांस प्रथम उत्तम गुण देतें. पण कांहींना पुढें तें पुरेनासें होतें, कांहींना घेरी येते, रक्तांतील सोडियम उतरतें. अशा वेळीं एम्.आर्.आय्. काढून रक्तवाहिनी टेकली आहे काय, किंवा गांठ वगैरे दुसरें कारण आहे काय, हें पाहावें आणि मज्जातंतूंच्या शस्त्रवैद्यास विचारावें. निव्वळ वय मोठें म्हणून शस्त्रक्रिया नको असें ठरवूं नये. हृदय व फुप्फुसें कशीं आहेत हें अधिक महत्त्वाचें. फार अशक्त असलेल्यांना गालांतून सुई घालून तंतूचें मूळ उष्णतेनें वा लहानशा फुग्याच्या दाबानें निकामी करतां येतें. यांत थोडी बधिरता येते, व कळ परतण्याचा संभवही अधिक. गामा किरणांचा उपाय तर बिनचिऱ्याचा. मात्र त्याचा गुण येण्यास कित्येक आठवडे, कधीं महिनेही लागतात. हें घरांत आधींच सांगून ठेवावें. नाहींतर चौथ्याच दिवशीं कोणी तरी पुन्हां दाढ दाखवावयास घेऊन जातो.