एका पंक्तीचे जेवण

रोजचा स्वयंपाक आणि पाहुण्यांसाठी केलेला स्वयंपाक यांत केवळ प्रमाणाचा फरक असतो, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. चार माणसांऐवजी बारा माणसे जेवणार असतील, तर सर्व जिन्नस तिप्पट घ्यावेत म्हणजे झाले, असे वाटते. प्रत्यक्षात तांदूळ तिप्पट घेता येतो. पण शेगडी तिप्पट होत नाही, घरातील हात वाढत नाहीत आणि पाहुणे येण्याची वेळही पुढे ढकलता येत नाही. म्हणून घरगुती मेजवानी हा पाककृतींपेक्षाही आखणीचा प्रश्न आहे. या आखणीची खरी कसोटीही एकच मानावी लागेल: जिने हे अन्न रांधले, तिला ते इतरांबरोबर बसून, गरम असताना खाता आले काय?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी नवी दिल्लीतील सरोजिनी नगर ही वसाहत उदाहरणादाखल घेऊ.

वसाहत आणि शेजार

स्वातंत्र्यानंतरच्या काळात केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी दिल्लीच्या दक्षिण भागात ज्या वसाहती उभारल्या, त्यांपैकी विनयनगर ही एक होती. पुढे तिला सरोजिनी नायडू यांचे नाव देण्यात आले. येथील घरे वेतनश्रेणी आणि ज्येष्ठता पाहून मिळत. अर्जदाराचा प्रांत किंवा जात पाहून नव्हे. त्यामुळे पुण्याहून किंवा नागपुराहून बदलून आलेल्या मराठी कुटुंबाच्या एका बाजूस तमिळ, दुसऱ्या बाजूस पंजाबी आणि वरच्या मजल्यावर बंगाली कुटुंब असणे ही नित्याची गोष्ट होती. हा शेजार कोणी निवडलेला नसे. एका जिन्याने तो जोडून दिलेला असे.

कोणी कोणाबरोबर जेवावे, याचे निर्बंध आपल्या समाजात फार कडक होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. पंक्तीत वाढताना केलेल्या भेदभावासाठी मराठीत ‘पंक्तिप्रपंच’ असा स्वतंत्र शब्दच आहे. केरळात सहोदरन अय्यप्पन यांनी १९१७ साली चेराई येथे मिश्रभोजन घडवून आणले, तेव्हा त्यांना बहिष्कार सोसावा लागला. शीख परंपरेने मात्र लंगरमध्ये सर्वांनी एका ओळीत बसून जेवण्याचा नियम शतकांपूर्वीच घालून दिला होता. त्या ओळीसही ‘पंगत’ असेच म्हणतात. सरकारी वसाहतीत सारे भेद मिटले, असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु कैरीचे लोणचे, सांबार किंवा सरसोंचा साग यांची वाटी जिन्यावरून वर-खाली जाऊ लागली, ही गोष्ट लहान नव्हे.

शेगडीचा हिशेब

आता प्रत्यक्ष स्वयंपाकाकडे वळू. रविवारी दुपारी एक वाजता बारा माणसे जेवणार आहेत आणि घरात दोन शेगड्या आहेत, असे समजू. साधे वरण-भात, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, पोळ्या, पापड आणि श्रीखंड असा बेत आहे.

पोळ्याही असल्यामुळे माणशी ६५ ग्रॅम तांदूळ पुरतो. म्हणजे सुमारे ८०० ग्रॅम. तुरीची डाळ ४०० ग्रॅम घ्यावी. माणशी तीन याप्रमाणे ३६ पोळ्या लागतील व त्यांना सव्वा किलोच्या आतबाहेर कणीक लागेल. श्रीखंडासाठी दोन लिटर म्हशीच्या दुधाचे दही लावल्यास साधारणतः ६०० ग्रॅम चक्का मिळतो. तितकीच साखर घातली की माणशी १०० ग्रॅम श्रीखंड होते.

जिनसांच्या या यादीबरोबर वेळेचीही यादी करावी. पाच लिटरच्या कुकरमध्ये डाळ-तांदूळ पाण्यासह निम्म्याहून अधिक भरू नयेत; म्हणून भाताला दोन खेपा लागतात, त्यांची ५० मिनिटे. वरणाला ३०, बटाटे उकडून भाजी करण्यास ३५, उसळीला २५ आणि पापडांना १० मिनिटे धरू. पोळी लाटून भाजण्यास दोन मिनिटे लागतात असे मानले, तर ३६ पोळ्यांना ७२ मिनिटे होतात. बेरीज २२२ मिनिटे. दोन्ही शेगड्या क्षणभरही रिकाम्या राहिल्या नाहीत, तरी जवळजवळ दोन तास गेले.

या बेरजेत सर्वांत मोठा आकडा पोळ्यांचा आहे, आणि त्याचे स्वरूपही वेगळे आहे. कुकर चढवून माणूस दुसऱ्या कामाला लागू शकतो. तव्यापासून हलता येत नाही. शिवाय पोळ्या शेवटी, जेवणाच्या तोंडावर करावयाच्या असतात. पाहुणे आले आहेत, पाने मांडली जात आहेत आणि गृहिणी तव्यापाशी अडकली आहे, हे आपल्या परिचयाचे चित्र याच कारणाने निर्माण होते. पूर्वीच्या कोळशाच्या अंगीठीवर किंवा रॉकेलच्या स्टोव्हवर ही अडचण अधिकच होती. १९५९ च्या सुमारास देशात तयार होऊ लागलेला प्रेशर कुकर आणि १९६५ पासून येऊ लागलेला इंडेनचा गॅस यांनी भात-वरणाचा वेळ वाचवला, पण पोळ्यांचा प्रश्न सोडवला नाही.

तो शेजाराने सुटू शकतो. दोन शेजारी घरांनी प्रत्येकी बारा पोळ्या करून फडक्यात गुंडाळून डब्यातून आणल्या, तर प्रत्येक तव्यावर केवळ २४ मिनिटांचे काम राहते. मदत मागायची असेल तर ती अशी नेमकी मागावी. ‘काहीतरी करून आणा’ असे सांगितल्यास तीन घरांतून तीन बटाट्याच्या भाज्या येण्याचा संभव असतो.

उरलेली कामे मागे सरकवावीत. मटकी दोन दिवस आधी भिजवावी; दिल्लीच्या थंडीत मोड येण्यास अधिक वेळ लागतो. शुक्रवारी दही लावून शनिवारी ते टांगावे आणि संध्याकाळी चक्क्यात साखर मिसळून ठेवावी. उन्हाळ्यात बाहेर रात्रभर टांगलेले दही आंबते, म्हणून ते शीतकपाटात टांगणे श्रेयस्कर. काकडी आधी चोचवून ठेवता येते, पण मीठ व दही आयत्या वेळीच घालावे. मिठामुळे काकडीला पाणी सुटते.

पानाची मांडणी

महाराष्ट्रीय पान वाढण्याची पद्धत पाहुण्यांच्या दृष्टीने विचारपूर्वक ठरलेली दिसते. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या व आमटी. मध्यभागी भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप. जे चवीपुरते घ्यावयाचे ते डावीकडे, जे पोटभर खावयाचे ते उजव्या हाताजवळ. तिखट किती, आंबट किती, हे जेवणारा स्वतःच ठरवतो. भिन्न प्रांतांची माणसे एकत्र जेवणार असतील, तेव्हा हा गुण फार मोलाचा ठरतो. पंजाबी पाहुण्यास आमटीतील गुळाची गोडी अपरिचित वाटेल, पण साधे वरण व तूप त्याला परके वाटणार नाही. तमिळ पाहुण्यास शेवटचा ताकभात पाहून आपल्या घरच्या दहीभाताचीच आठवण होईल. मुख्य पदार्थ सौम्य आणि डावी बाजू चमचमीत, हा नियम अशा वेळी पाळावा.

उष्मा आणि उरलेले अन्न

मे-जून महिन्यांत दिल्लीचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा दिवसांत शिजलेले अन्न तासाभराहून अधिक वेळ तसेच ठेवू नये. एरवीही दोन तासांची मर्यादा पाळावी. भाताविषयी विशेष दक्षता हवी. ‘बॅसिलस सिरिअस’ या जीवाणूची बीजे तांदळात असू शकतात आणि ती शिजवण्याने नष्ट होत नाहीत. भात कोमट राहिला की ती रुजून वाढतात. त्यांपासून निर्माण होणारे एक विष पुन्हा उकळल्यानेही जात नाही. म्हणून ‘भात परत गरम केला आहे’ ही खात्री पुरेशी नाही. मोठ्या पातेल्यातील अन्न मधोमध कित्येक तास कोमट राहते. उरलेला भात व वरण पसरट भांड्यांत काढून लवकर निववावे आणि शीतकपाटात ठेवावे. आग्रह करकरून वाढण्यापेक्षा थोडे थोडे, पण पुन्हा पुन्हा वाढणे या दृष्टीनेही हिताचे आहे.

शेवटची पंगत

दोन खोल्यांच्या घरात बारा माणसे एका वेळी बसणे कठीण; म्हणून दोन पंगती होत. पहिल्या पंगतीस पुरुष व मुले, दुसरीस स्त्रिया, आणि सर्वांत शेवटी घरची गृहिणी. तिच्या वाट्याला निवलेला भात, तळाशी राहिलेली भाजी आणि पुष्कळदा संपलेले श्रीखंड येई. हा पंक्तिप्रपंच परक्याने केलेला नसे. घरातल्या घरात, प्रेमाच्या आणि रीतीच्या नावाखाली तो घडत असे. अनेक घरांत तो अजूनही घडतो.

यावर उपाय अवघड नाही. मात्र तो आखणीच्या आरंभीच योजावा लागतो. पाहुणे केव्हा जेवतील, याऐवजी गृहिणी केव्हा बसेल, ती वेळ प्रथम ठरवावी आणि तेथून मागे मोजत यावे. सर्व पदार्थ मध्यभागी मांडून ज्याने त्याने वाढून घ्यावे. दोन पंगती अटळ असतील, तर पहिलीत स्वयंपाक करणाऱ्यांनी बसावे आणि इतरांनी वाढावे. तव्यावरची गरम पोळी पानात पडलीच पाहिजे, हा हट्ट सोडावा. कोणाला तरी उभे ठेवून ती पोळी येत असते.

जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सरोजिनी नगरसह दक्षिण दिल्लीतील सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासास मंजुरी दिली. त्यानंतर जुनी घरे पाडण्यात आली आणि तेथील कुटुंबे इतरत्र गेली. नव्या उंच इमारतींतील स्वयंपाकघरे अधिक सोयीची असतील. शेजार मात्र प्रत्येक कुटुंबास नव्याने जोडावा लागेल. त्याचा आरंभ समोरच्या दारावर जाऊन बारा पोळ्या मागण्याने करता येईल. ज्यांच्याकडे त्या मागितल्या, त्यांचे पानही अर्थातच त्याच पंक्तीत मांडावयाचे असते.