गाव सुटले तरी शिधा सुटत नाही

नंदुरबार जिल्ह्यातील अनेक मजूर कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. पूर्वी गाव सुटले की रास्त भाव दुकानातील शिधाही सुटे. कारण कुटुंबाची नोंद त्या एकाच दुकानाच्या वहीत असे.

आता ती नोंद मध्यवर्ती संगणकात असते. वापरकर्त्याची ओळख व त्याच्या फायली मध्यवर्ती संगणकात ठेवल्या, म्हणजे तो कोणत्याही यंत्रावरून आपले काम पुढे चालवू शकतो. तेच तत्त्व येथे उपयोगात आणले आहे. महाराष्ट्र व गुजरात यांच्यामध्ये ही सोय ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाली. शिधापत्रिकेचा किंवा आधारचा क्रमांक देऊन यंत्रावर बोट ठेवले, की परराज्यातील दुकानदारासही त्या कुटुंबाचा हक्क दिसतो. तेथे उचललेले धान्य त्याच नोंदीतून वजा होते आणि उरलेले गावी राहिलेल्या वृद्धांना घेता येते. नोंद एकच असल्याने तेच धान्य दोनदा उचलले जात नाही.

मात्र ज्याचा आधार क्रमांक शिधापत्रिकेशी जोडलेला नाही, त्याची ओळख यंत्रास पटत नाही. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातील टेंभली येथे देण्यात आला. त्या क्रमांकाचे फळ पदरी पडावे यासाठी, मजुरांच्या गाड्या निघण्यापूर्वी जाणाऱ्यांची आणि मागे राहणाऱ्यांचीही जोडणी पंचायत सदस्यांनी तपासून घेणे अगत्याचे आहे.