आधी आराखडा दाखवा, मग बिल पाठवा

तारा आपल्या गल्लीतून जातात, सबस्टेशन आपल्या सोसायटीच्या जागेत उभं राहतं आणि खर्च आपल्या बिलातून वसूल होतो. मग हे जाळं कसं असावं, हे ठरताना उपनगरांतला ग्राहक कुठे असतो?

विजेच्या बिलात ‘वहन आकार’ नावाची एक ओळ असते. आपण बहुतेक जण ती न वाचताच खालच्या एकूण रकमेकडे जातो. उपकेंद्रापासून आपल्या मीटरपर्यंत वीज आणणाऱ्या केबल, ट्रान्सफॉर्मर, फीडर पिलर या साऱ्यांचा खर्च त्या ओळीतून वसूल होतो. विजेचं जाळं ही कंपनीच्या नावावरची मालमत्ता असली, तरी तिची किंमत ग्राहक वर्षानुवर्षं फेडत असतो. म्हणूनच त्या जाळ्याच्या आराखड्यात त्याला बोलण्याचा हक्क असला पाहिजे. तो हक्क आज अर्धाच मिळाला आहे.

उपनगरांचा वीजनकाशा आधीच गुंतागुंतीचा आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर हा जुन्या ‘बीएसईएस’चा भाग. १९२९ साली स्थापन झालेली ही कंपनी पुढे रिलायन्सकडे आणि २०१८ मध्ये अदानींकडे गेली. याच भागात टाटा पॉवरलाही वीज वितरणाचा परवाना आहे. मुलुंड आणि भांडुप मात्र मुंबई महापालिकेच्या हद्दीत असूनही ‘महावितरण’चे ग्राहक आहेत. त्यामुळे मुलुंडच्या विजेचा दर ठरतो तो साऱ्या राज्याबरोबर. कृषिपंपांपासून कारखान्यांपर्यंतच्या प्रश्नांच्या त्या गर्दीत मुलुंडच्या एखाद्या जुन्या केबलचा प्रश्न पुढे येणं कठीणच.

सुनावणी होते, पण कधी?

महाराष्ट्राला या बाबतीत अभिमान वाटावा असा इतिहास आहे. राज्य वीज नियामक आयोग १९९९ मध्ये स्थापन झाला आणि २००० पासून वीजदरांवर जाहीर सुनावण्या सुरू झाल्या. पुढे वीज कायदा, २००३ च्या कलम ६४ ने ही पद्धत देशभर बंधनकारक केली : कंपनीने दराचा प्रस्ताव जाहीर करायचा, लोकांच्या सूचना-हरकती मागवायच्या आणि आयोगाने त्यांचा विचार करूनच आदेश द्यायचा. कलम ९४ नुसार आयोग ग्राहकांच्या वतीने बोलण्यासाठी प्रतिनिधी नेमू शकतो. मुंबई ग्राहक पंचायत आणि पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थांनी हे काम अनेक वर्षं चिकाटीने केलं आहे. हजार पानांच्या प्रस्तावातला फुगवलेला खर्च शोधून काढायला असेच अभ्यासू लोक लागतात.

अडचण आहे ती वेळेची. नवं उपकेंद्र किंवा मोठी केबल योजना आधी कंपनीच्या नियोजन विभागात तयार होते. ठरावीक रकमेवरच्या योजनेचा सविस्तर प्रकल्प अहवाल, म्हणजे डीपीआर, आयोगाकडे जातो. तिथे त्याची तांत्रिक छाननी होते आणि तत्त्वतः मंजुरी मिळते. मग काम होतं, पैसा खर्च होतो आणि तो खर्च दरप्रस्तावात येतो. साधारणपणे त्यातला ७० टक्के कर्जाचा आणि ३० टक्के भागभांडवलाचा धरला जातो. कर्जावर व्याज, भांडवलावर परतावा आणि मालमत्तेवर घसारा, हे तिन्ही ग्राहकाच्या दरात मिळवले जातात.

जाहीर सुनावणी होते ती मुख्यतः या शेवटच्या टप्प्यावर. तोवर केबल जमिनीखाली गेलेली असते. ग्राहक फार तर ‘इतका खर्च का झाला?’ असं विचारू शकतो. ‘याची गरज होती का, हे दुसरीकडून नेता आलं असतं का, याहून स्वस्त उपाय होता का?’ हे प्रश्न विचारण्याची वेळ निघून गेलेली असते.

दोन कंपन्या, एक रस्ता

याचा सर्वांत मोठा धडा उपनगरांनीच अनुभवला आहे. टाटा पॉवर किरकोळ ग्राहकांनाही वीज देऊ शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००८ मध्ये दिला. ऑक्टोबर २००९ मध्ये आयोगाने रिलायन्सच्याच तारांवरून टाटाची वीज घेण्याची मुभा दिली आणि लाखो ग्राहक स्वस्त दराकडे वळले. त्यानंतर मूळ प्रश्न समोर आला : टाटाने त्याच गल्ल्यांमध्ये स्वतःचं दुसरं जाळं टाकायचं का? तसं केलं तर एकाच रस्त्याखाली दोन केबल, दोनदा खोदकाम आणि दोन्हींचा खर्च शेवटी ग्राहकांवरच. अपिलीय न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०१४ मध्ये अनावश्यक दुहेरी जाळं टाळण्यावर भर दिला. पुढे कुठे कोणी जाळं वाढवायचं, हे तपासण्यासाठी आयोगाला समितीची यंत्रणा उभारावी लागली.

हा सारा वाद कंपन्या, वकील आणि आयोग यांच्यात वर्षानुवर्षं चालला. तो सुरू होण्याआधीच गल्लीतल्या लोकांना ‘तुम्हाला दुसरी केबल हवी की याच केबलवर वीज निवडण्याची मुभा?’ असं विचारलं असतं, तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं असतं.

मुलुंड-भांडुपला हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटला. अदानी समूहातल्या कंपनीने मुलुंड, भांडुप, ठाणे, नवी मुंबई या पट्ट्यासाठी समांतर परवाना मागितला आणि त्याविरोधात जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचारी संपावर गेले. परवान्याच्या अर्जावर जाहीर नोटीस काढणं कायद्याच्या कलम १५ नुसार आवश्यक असतं आणि हरकतींसाठी तीस दिवस मिळतात. पण कर्मचाऱ्यांचा आवाज जितका ऐकू आला, तितका मुलुंडच्या ग्राहकाचा आला नाही. समांतर परवान्यामुळे आपलं बिल कमी होईल की जाळ्याचा बोजा वाढेल, याचं सोप्या भाषेतलं, आकड्यांसह उत्तर हा त्याचा हक्क होता.

मोठ्या वाहिन्या, छोटी माहिती

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ मुंबई विसरलेली नाही. दहाच्या सुमारास वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि बाहेरून शहरात वीज आणणाऱ्या वाहिन्या किती अपुऱ्या आहेत, हे सगळ्यांना कळलं. खारघर ते विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली. कुडूस ते आरे या १,००० मेगावॉटच्या एचव्हीडीसी, म्हणजे उच्च दाबाच्या एकदिश प्रवाहाच्या, वाहिनीचं काम कोणाला आणि कसं दिलं, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये मिटला. या वाहिन्या गरजेच्या आहेत, यात शंका नाही. पण खाडी आणि कांदळवन ओलांडणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाला न्यायालयाची परवानगी लागते. किनाऱ्यावरचे कोळी आणि आरेतले आदिवासी यांच्याशी मार्ग आखतानाच बोलणं झालं, तर पुढचा विलंबही टळेल.

मोठ्या वाहिन्यांइतकंच महत्त्व गल्लीतल्या माहितीला आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पाणी किती फूट चढलं आणि फीडर पिलर कुठे बुडाला, हे तिथल्या दुकानदाराला आजही आठवतं. बोरिवलीतल्या कोणत्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत, घाटकोपरच्या कोणत्या इमारतीत इलेक्ट्रिक गाड्यांचे चार्जर येणार आहेत, कोणत्या गच्चीवर सौर पॅनेल बसू शकतात, हे रहिवाशांना कंपनीच्या आधी माहीत असतं. त्यांनी ते वेळेत सांगितलं, तर ट्रान्सफॉर्मरची क्षमता अंदाजाने ठरवावी लागणार नाही. दुसरीकडे, जमिनीच्या मालकाचं ना-हरकत पत्र नाही म्हणून आरेतल्या काही पाड्यांना कित्येक वर्षं वीज मिळाली नव्हती. आराखड्याच्या बैठकीत त्यांचा माणूस असता, तर ही अडचण इतकी वर्षं कागदावर पडून राहिली नसती.

न विचारता पुढे गेलं की काय होतं, हे स्मार्ट मीटरने दाखवलं. प्रीपेड मीटरविरुद्ध राज्यभर इतका रोष उसळला की, सामान्य ग्राहकांना ते लावणार नाही, असं जून २०२४ मध्ये सरकारला जाहीर करावं लागलं.

दुसरीकडे कसं घडलं

ब्रिटनमध्ये २०२३ ते २०२८ या काळाचे आराखडे करताना तिथल्या नियामकाने प्रत्येक वितरण कंपनीला स्वतंत्र अध्यक्ष असलेला ग्राहकगट नेमायला लावला. योजना नियामकाकडे जाण्याआधी या गटाने ती तपासायची आणि आपला अहवाल द्यायचा. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या ‘ऑसनेट’ कंपनीने २०२१ ते २०२६ च्या आराखड्यासाठी ‘ग्राहक मंचा’शी थेट वाटाघाटी केल्या. नियामकाचा अंतिम अधिकार तसाच राहिला, पण प्रस्ताव त्याच्यापुढे आला तो ग्राहकांशी चर्चा होऊन.

लोकांना तांत्रिक बाबी कळत नाहीत, हा आक्षेप नेहमीचा आहे. इंजिनिअरिंग इंजिनिअरांनीच करावं. पण किती खर्चात किती भरवशाची वीज हवी, कोणती जागा द्यायची, कोणती झाडं वाचवायची, हे निर्णय इंजिनिअरिंगचे नाहीत. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे : वीज सगळ्यांना हवी, पण सबस्टेशन आपल्या आवारात कोणालाच नको. हा हट्ट सोसायट्यांनाही सोडावा लागेल. त्यासाठी सुरक्षेची, आवाजाची आणि पर्यायी जागांची माहिती खोदकामाच्या आदल्या आठवड्यात नव्हे, वर्षभर आधी मिळाली पाहिजे.

यासाठी नवी यंत्रणा शोधायची गरज नाही. नव्वदच्या दशकात घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी कचऱ्याचा प्रश्न हाती घेतला आणि त्यातून ‘एएलएम’ची, म्हणजे महापालिकेच्या साथीने परिसर सांभाळणाऱ्या रहिवासी गटांची चळवळ शहरभर पसरली. तेच गट, वस्त्यांमधली मंडळं आणि पाड्यांचे प्रतिनिधी वॉर्ड पातळीवर वर्षातून एकदा वीज कंपनीसमोर बसू शकतात. कंपनीने पुढच्या पाच वर्षांच्या कामांचा वॉर्डनिहाय नकाशा मराठीत मांडावा. मोठ्या डीपीआरचा सारांश मंजुरीआधी खुला करून त्यावर सूचना मागवाव्यात. कोणती सूचना घेतली, कोणती नाकारली आणि का, हे लेखी द्यावं. आयोगाने हे नियमात आणावं, कारण कंपनीच्या सदिच्छेवर सोडलेली गोष्ट टिकत नाही.

आणि आपण? दरप्रस्तावाची नोटीस मराठी वर्तमानपत्रांत येते. मराठी सारांश मागता येतो, हरकत मराठीत पाठवता येते, त्यासाठी वकील लागत नाही. पुढच्या वेळी बिल किती वाढणार, एवढंच विचारून थांबू नका. माझ्या वॉर्डात पुढच्या पाच वर्षांत काय उभारणार, कुठे आणि कशासाठी, हेही विचारा. एकेका सोसायटीतून, एकेका वस्तीतून हा प्रश्न आयोगाच्या नोंदीत जाऊ लागला, की त्याचं उत्तर देणं कंपन्यांना भाग पडेल.