जेवणामागची धावपळ

ओसाकात आम्ही चौघे मित्र एका छोट्या उडोनच्या दुकानात शिरलो. आमच्यातला एक जण पक्का शाकाहारी. त्याने मोबाईलवर जपानीत लिहिलेली ओळ दाखवली, 'मी मासे-मांस खात नाही.' दुकानदार आजोबांनी ती वाचली, भाज्यांनी भरलेल्या वाडग्याच्या चित्रावर बोट ठेवले आणि मान हलवली. रश्श्यात मासा होता. ते गप्प राहिले असते तर आम्हाला कळलेही नसते. उलट ते दारापर्यंत आले आणि वाकून त्यांनीच क्षमा मागितली.

तो मासा 'दाशी'त असतो. दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचा पाया. कोम्बू हे समुद्री शैवाल आणि वाळवून धुरावलेल्या बोनिटो माशाचा कीस यांचा हा अर्क. 1908 साली रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोम्बूतून ग्लुटामेट वेगळे केले आणि त्या चवीला 'उमामी' असे नाव दिले. आपल्या षड्रसांत न बसणारी ही चव मिसो सूपपासून भाजीपर्यंत सगळीकडे भेटते. पण ती बहुतेकदा माशाच्या दाशीतून येते, म्हणूनच मराठी शाकाहारी प्रवाशाची तिथे अडचण होते.

त्यावरचे उत्तर जपानमध्येच फार जुने आहे. नाम्बा स्थानकातून नानकाई रेल्वेने आम्ही गोकुराकुबाशीला, म्हणजे 'सुखावतीच्या पुला'ला उतरलो आणि केबल कारने कोयासानला पोहोचलो. सुमारे 800 मीटर उंचीवरचे हे शिंगोन बौद्ध पंथाचे क्षेत्र. 816 साली सम्राटांनी हा डोंगर कूकाई या भिक्षूला दिला. येथे शंभराहून अधिक मंदिरे आहेत आणि त्यांतल्या कित्येकांत यात्रेकरूंची राहण्याची सोय होते. अशा मुक्कामाला 'शुकुबो' म्हणतात.

संध्याकाळी तरुण भिक्षूंनी लाखेच्या चौरंगांवर 'शोजिन र्‍योरी' वाढले. मांस, मासे, अंडी नाहीत, कांदा-लसूणही नाही. थेट चातुर्मासाची आठवण झाली. दाशी होती, पण कोम्बू आणि वाळवलेल्या शिताके अळंबीची. तीळ आणि कुझूचे सत्त्व घोटून केलेले मऊसूत गोमा-दोफू, गोठवून वाळवलेल्या टोफूचे कोया-दोफू. पाच रंग, पाच चवी, पाच पाककृती अशी या ताटाची शिस्त. आमचा मित्र त्या रात्री कित्येक दिवसांनी पोटभर जेवला.

पहाटे ओकुनोइन या तिथल्या दफनभूमीत, जपानी देवदारांखालून, दोन लाखांहून अधिक समाध्यांमधून चालत गेलो. पाच थरांच्या दगडी स्तूपांवर सिद्धम लिपीतली अक्षरे कोरलेली आहेत: ख, ह, र, व, अ. वरून खाली आकाश, वायू, तेज, आप, पृथ्वी. आपली पंचमहाभूते त्या परक्या अरण्यात भेटली तेव्हा आम्ही चौघेही गप्प झालो.

कूकाई 835 साली निवर्तले असे इतिहास सांगतो, पण भक्तांच्या श्रद्धेनुसार ते इथेच समाधीत आहेत. म्हणून रोज दोनदा भिक्षू त्यांच्यासाठी जेवण घेऊन जातात. वाटेत 'आजिमी जिझो', म्हणजे चव पाहणाऱ्या जिझो बोधिसत्त्वापुढे ते आधी ठेवतात, मग पांढऱ्या पेटीतून पूल ओलांडून आत नेतात. आपल्या नैवेद्यासारखेच.

झेन आचार्य दोगेन यांनी 1237 साली मठातल्या आचाऱ्यासाठी एक ग्रंथ लिहिला. आचाऱ्याकडे आनंदी मन, आईबापाचे मन आणि विशाल मन हवे, असे ते सांगतात. जपानी सौजन्याचे मूळ मला तिथे सापडले. ते लवून केलेल्या नमस्कारात दिसते, पण घडते स्वयंपाकघरात, पाहुणा येण्याआधी.

जेवण झाल्यावर जपानी माणूस 'गोचिसोसामा' म्हणतो. त्यातल्या 'चिसो'चा मूळ अर्थ घोडा दौडवणे, धावणे. पाहुण्यासाठी जिन्नस जमवायला कुणीतरी धावले, त्या धावपळीला हा नमस्कार आहे. जपानला जाल तेव्हा उठताना हा शब्द स्वयंपाकघराकडे पाहून नक्की म्हणा. आणि परत आल्यावर आपल्या घरात जी रोज धावते, तिलाही.