फुटक्या एंजिनाची शिवण

कापड शिवतात, जखम शिवतात; परंतु लोखंडही शिवता येते असे कोणी म्हटले, तर आपण त्याच्या तोंडाकडे पाहत राहू. आम्हीही तसेच पाहत राहिलो होतो. विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या ऑइल एंजिनाचा ठोकळा आमच्याच हातून फुटला, त्या वेळची ही गोष्ट. चैत्र सरत आला होता आणि उसाला पाणी देणे टळण्यासारखे नव्हते. फूटव्हॉल्व्हमध्ये पाला अडकून पंपाने पाणी सोडले. आणि त्याच पाण्याचा एक फाटा एंजिनाला गार ठेवीत असे, तोही बंद पडला. आमच्या ध्यानात आले तोवर एंजिनाला हात लावण्याची सोय राहिली नव्हती. आम्ही मोठ्या शहाणपणाने विहिरीच्या गार पाण्याची बादली त्यात ओतली. 'टच्' असा बारीक आवाज झाला, आणि थोड्या वेळाने ठोकळ्याच्या रंगावर वीतभर लांबीची ओली रेघ उमटली.

असे का व्हावे? एंजिनात तेल जळते तेव्हा आतल्या वायूंची उष्णता दीड-दोन हजार अंशांपर्यंत चढते, आणि बीड तर सुमारे बाराशे अंशांतच वितळते. ते वितळत नाही याचे श्रेय भोवती खेळणाऱ्या पाण्याला. तेलातून निघणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा ते वाहून नेते. बिडात दोन ते चार टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने विखुरलेला असतो. त्यामुळे बीड दाब उत्तम सोसते, ताण मात्र सोसत नाही. गार पाणी लागलेला भाग आकसू पाहतो, शेजारचा तापलेला भाग त्याला आकसू देत नाही, आणि या ओढाताणीत भेग पडते. लडाखकडे जाणाऱ्या ट्रकांवर हेच संकट उलट्या बाजूने येते. तेथे पाणी गोठून नऊ टक्के फुगते आणि ठोकळा आतून फोडते. म्हणून त्यात ग्लायकॉल मिसळतात. ते चवीला गोड पण विषारी असते, तेव्हा घरात मुले असतील तर डबा उंचावर ठेवावा.

दुरुस्तीपूर्वी गळती नेमकी कोठे आहे हे पाहावे. मोटारीच्या ठोकळ्याच्या अंगाला पत्र्याच्या गोल टोप्या बसवलेल्या असतात, त्या गंजून गळतात. किंवा ठोकळा आणि हेड यांमधले गॅस्केट जाते आणि एंजिनातले तेल दुधाच्या चहासारखे दिसू लागते. या दोन्हींसाठी ठोकळा भंगारात घालणे हा शुद्ध वेडेपणा होय. (रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना उघडू नये. आतले पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असते. झाकण सैल होताच ते वाफ होऊन तोंडावर येते.) आमच्या मिस्त्रींनी भेगेवर रॉकेल चोळले, पुसून कोरडे केले आणि वर खडूची भुकटी फासली. भेगेत मुरलेले रॉकेल खडूने शोषले आणि रेघ स्पष्ट दिसली. ती आम्हाला दिसली होती त्याहून दोन बोटे लांब होती!

मग त्यांनी रेघेच्या दोन्ही टोकांना भोके पाडली. फुटक्याला आणखी भोक कशाला, असे आम्हाला वाटले. परंतु भेगेच्या अणकुचीदार टोकाशी सगळा ताण एकवटतो आणि तीच अणी पुढे सरकत जाते. गोल भोकात तिला अणीच उरत नाही. त्यानंतर रेघेवर भोक पाडून, आटे कापून, त्यात स्क्रू पिळून बसवला आणि वरचा भाग कापून टाकला. पुढचे भोक असे पाडले की आधीच्या स्क्रूची कड किंचित कापली जावी. असे टाक्याला टाका अडकवीत सबंध रेघ भरून काढली. आज यासाठी खास आट्यांचे स्क्रू मिळतात, ते भेगेच्या दोन्ही कडा एकमेकींकडे ओढून धरतात.

वेल्डिंग का नको? नुसती भेगेची जागा तापवली तर ती निवताना शेजारी नवी भेग पडते. सबंध ठोकळा सहाशे अंशांच्या आसपास तापवून, काम झाल्यावर राखेत हळूहळू निववावा लागतो. ते येरागबाळ्याचे काम नव्हे. पाण्यात घालायची औषधेही मिळतात. त्यांतल्या काहींत सोडियम सिलिकेट असते. ते भेगेत सुकून काचेसारखे घट्ट होते. घाटात अडकलात तर घरी पोहोचण्यापुरते ते ठीक, परंतु ते रेडिएटरच्या नळ्याही बुजवू शकते. 2009 साली अमेरिकेत सरकारी योजनेखाली मोडीत काढलेल्या मोटारींची एंजिने कायमची निकामी करण्यासाठी हेच द्रव्य तेलाच्या जागी घालीत, एवढे सांगितले म्हणजे पुरे. आणि भेग सिलिंडरच्या आतल्या भिंतीतून गेली असेल, तर टाके घालण्यापूर्वी खर्चाचा हिशेब मांडावा; कित्येकदा दुसरा ठोकळा स्वस्त पडतो.

आमची भेग नशिबाने बाहेरच्या भिंतीत होती. तिसऱ्या दिवशी एंजिन सुरू झाले. मिस्त्रींनी पुन्हा खडू फासला आणि तासभर एंजिन चालू ठेवले. खडू कोरडा राहिला. तेव्हा त्यांनी आमच्याकडे एकवार पाहिले, बादली उचलली आणि ती विहिरीच्या पार पलीकडच्या कडेला नेऊन ठेवली.