शर्यतीच्या चाकाची पारख

बैलगाडीचे चाक म्हटले की ओझ्याखाली करकरणारे, काळ्या चिखलातून वाट काढणारे जाडजूड चाकच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु गाडी ज्या दिवशी मालासाठी नव्हे, तर वेगासाठी जुंपली जाते, त्या दिवशी तिच्या चाकाचा धर्मच पालटतो. बैलजोड्यांच्या शर्यतीला विदर्भात शंकरपट म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यातही, घाटावर काय किंवा घाटाखाली काय, या पटाची हौस जुनी आहे. पटाची गाडी हलकी, तिच्यावर माणूस एकच, तो म्हणजे धुरकरी, आणि सारा खेळ काही सेकंदांचा! एवढ्या अल्प अवधीत जय किंवा पराजय ठरावयाचा असल्यामुळे चाकातील एकेका तोळ्याला मोल येते.

हे मोल का येते, ते आधी समजून घेतले पाहिजे. गाडीच्या साट्यावर ठेवलेला एक किलोचा भार फक्त पुढे सरकतो. तोच भार चाकाच्या कडेला असेल, तर तो पुढेही सरकतो आणि चाकाबरोबर गरगर फिरतोही. त्यामुळे त्याला तोच वेग आणून देण्यासाठी बैलांना जवळजवळ दुप्पट श्रम पडतात. आसाजवळच्या भाराचा हा जाच फार थोडा असतो. म्हणून चाक हलके करावयाचे, तर कडेकडून करावयाचे, हा नियम सुताराने पदार्थविज्ञानाचे पुस्तक न उघडताही अनुभवाने जाणला होता. शर्यतीचे चाक ओळखण्याची किल्ली याच नियमात आहे. चाकात काय घातले आहे यापेक्षा त्यातून काय वजा केले आहे, हे आधी पाहावे.

तुलनेसाठी प्रथम ओझ्याचे चाक घेऊ. १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत लोहमार्ग आला. तरी आसपासच्या खेड्यांतून खामगावच्या बाजारात कापूस पोहोचविण्याचे काम बैलगाडीकडेच राहिले. अशा बंडीच्या चाकाला मधोमध दणकट तुंबा, त्यात घट्ट ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर कमानदार लाकडी तुकड्यांचा घेर, आणि सर्वांना आवळून धरणारी लोखंडी धाव असे. लोहार ही धाव शेणाच्या गोवऱ्यांच्या विस्तवात तापवी. तापल्याने ती फुगे, मग ती घेरावर चढवून वर पाणी ओतले की आकसून सगळे सांधे एकजीव करी. लाकूड बहुधा बाभळीचे, कारण ते कठीण आणि चिवट असून काळ्या जमिनीत सहज मिळते. आघात सोसणाऱ्या भागांना तिवस व धावडा ही लाकडेही जाणकार पसंत करीत.

आता शर्यतीच्या चाकाकडे वळू. पहिली खूण घेराची. ओझ्याच्या चाकाचा घेर रुंद असतो, कारण त्याला मऊ जमिनीत रुतावयाचे नसते. पटाची धावपट्टी आधीच साफ व सपाट केलेली असते, म्हणून तेथे घेर अरुंद आणि धाव पातळ चालते. पण नुसत्या अरुंदपणावर भिस्त ठेवू नये. कित्येक वर्षे दगडगोट्यांवर घासलेली जाड धावही शेवटी पातळच दिसते. फरक असा की घासलेल्या धावेच्या कडा गोल झालेल्या असतात आणि तिची जाडी जागोजाग कमीजास्त भरते. मुळातच पातळ घडविलेली धाव सगळीकडे सारखी असते.

दुसरी खूण आऱ्यांची. आऱ्याला जेथे ताण अधिक, तेथे म्हणजे तुंब्याजवळ, तो भरीव ठेवून पुढे घेराकडे निमुळता केलेला असेल, तर ते हलकेपणासाठी विचारपूर्वक केलेले काम समजावे. सगळेच आरे सारख्या मापाने निमुळते झालेले असावेत. एकच आरा बारीक आणि बाकीचे जाड असतील, तर ती पुढे केव्हातरी केलेली दुरुस्ती होय. वाळवीने किंवा भुंग्याने पोखरलेले चाकही हातात हलके लागते. तेव्हा वजनाने हुरळून जाण्यापूर्वी नखाने लाकूड टोचून पाहावे हे बरे.

तिसरी खूण तुंब्याच्या पोटात असते, आणि तिच्याकडेच सहसा कोणी पाहत नाही. केवळ पटासाठी ठेवलेले चाक वर्षाकाठी फारच थोडे अंतर धावते. त्यामुळे लाकूड जुने होऊन काळवंडले, तरी आस जेथे फिरतो ते भोक फारसे झिजलेले नसते. बाजारहाट करणाऱ्या गाडीत हेच भोक सैल होऊन चाक डगमगू लागते. जुने लाकूड आणि ताठ भोक ही जोडी दिसली, तर चाक कष्टाचे नसून हौसेचे असावे, असे अनुमान काढता येते. ते अनुमानच आहे, निर्णय नव्हे, कारण कोठीत पडून राहिलेले साधे चाकही असेच दिसेल. म्हणूनच तिन्ही खुणा एकत्र जुळाव्या लागतात.

चौथी खूण जोडीची. दोन चाकांचे घेर सारखे नसतील, तर गाडी एका अंगाला ओढ घेते. ओझ्याच्या संथ गाडीत हे खपून जाते, पण भरधाव गाडीत खपत नाही. दोरी धावेभोवती गुंडाळून दोन्ही चाकांचे घेर मोजावेत. दोन्ही तंतोतंत जुळले, तर जोडी मूळचीच असण्याचा संभव वाढतो.

वयाची पारख मात्र लोखंड अधिक प्रामाणिकपणे करून देते. जुन्या धावेची दोन टोके लोहाराने भट्टीत तापवून, एकावर एक ठेवून घणाने जोडलेली असतात. त्या जागी किंचित फुगवटा आणि तिरपी रेघ दिसते. विजेच्या वेल्डिंगचा खवल्याखवल्यांचा ओघळ दिसला, तर तो सांधा अलीकडचा. लाकडावरही असेच वाचन करता येते. वाकसाचे घाव लहान आणि असमान असतात, तर यंत्राच्या गोल करवतीच्या खुणा एकसारख्या कमानींच्या उमटतात. बाहेरची बाजू चहाच्या पाण्याने काळी करता येते आणि मिठाच्या पाण्याने लोखंडाला गंजही चढविता येतो. पण सांध्याच्या आतल्या फटीत शिरण्याचे कष्ट फसविणारा सहसा घेत नाही. म्हणून परीक्षकाने आधी तेथेच पाहावे.

हा नियम केवळ वऱ्हाडापुरता आहे असे मात्र नाही. अमेरिकेतील तरुणांनी जुन्या मोटारींतील अनावश्यक भाग काढून आणि इंजिनाची शक्ती वाढवून ज्या शर्यती गाड्या सिद्ध केल्या, त्यांना हॉट रॉड म्हणतात. १९३२ ची फोर्ड मोटार या हौशी मंडळींची विशेष आवडती. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे टेड हॅलिब्रँड यांनी मॅग्नेशियमची ओतीव चाके शर्यतीसाठी बनविली, आणि आज संग्राहक ती हुडकीत फिरतात. लोखंड पाण्याच्या सुमारे ७.८ पट जड, ॲल्युमिनियम २.७ पट, तर मॅग्नेशियम अवघे १.७४ पट. म्हणजे येथेही प्रश्न वजाबाकीचाच! त्याच घडणीची ॲल्युमिनियमची चाकेही पुढे निघाल्याने संग्राहक चाकाच्या आतल्या उघड्या धातूवर व्हिनेगरचा थेंब टाकून पाहतात. मॅग्नेशियमवर लगेच बुडबुडे उठतात, ॲल्युमिनियमवर तसे होत नाही. मात्र कानसीने भुगा पाडून परीक्षा करू नये. मॅग्नेशियमचा भुगा पेट घेतो, आणि त्यावर पाणी ओतल्यास आग अधिकच भडकते.

तेथल्या चाकांच्या बाजूने एक गोष्ट आहे, ती म्हणजे कारखान्याची ओतीव अक्षरे. आपल्याकडील चाकावर ना कारखान्याचे नाव, ना साल. त्याची सारी हकीकत सुताराच्या, लोहाराच्या आणि धुरकऱ्याच्या स्मरणात. आणि हे स्मरण आता वेगाने ओसरत आहे. रबरी टायरच्या गाड्यांनी आणि ट्रॅक्टरने लाकडी चाकाचे काम पुष्कळसे हिरावून घेतले. त्यातच ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींसह परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. पट पुन्हा सुरू झाले. परंतु मधल्या काळात जे चाक सरपणात गेले, भंगारात गेले, किंवा एखाद्या हॉटेलाच्या दाराशी रंग फासून शोभेला टांगले गेले, ते काही परत येत नाही.

नुकसान लाकडाचे नाही, ज्ञानाचे आहे. कोणत्या जागी किती लाकूड ठेवले म्हणजे चाक हलकेही होते आणि मोडतही नाही, याचे उत्तर त्या चाकाच्या मापांतच साठलेले असते. म्हणून ज्यांच्या गावच्या घरी असे चाक पडून असेल, त्यांनी ते विकण्यापूर्वी किंवा फोडण्यापूर्वी तासभर वेळ काढावा. घेर, धावेची रुंदी व जाडी, आऱ्यांची संख्या आणि तुंब्याचे भोक मोजून लिहून ठेवावे. ते कोणी घडविले, कोणी हाकले, कोणत्या गावच्या पटात धावले, हे घरातील वृद्धांना विचारून त्याखाली तारीख घालावी. ज्या चाकाला अशी एक पानभर हकीकत जोडलेली आहे, त्याची पारख करताना पुढच्या माणसाला अनुमानावर विसंबावे लागणार नाही.